हँडलवरचा तिसरा

कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की आमचे हे जुन्या राइडी पुसून टाकतात. लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही आणि माझं कार्ड आत्ताच भरलंय. त्याला पुसायचं बटण नाही, म्हणून लिहून टाकते.

आधी एक समजून घ्या. माझं सासर न्हावऱ्याला, माहेर दौंडला. घरात सासूबाई म्हणजे आत्या, सासरे म्हणजे मामा (हे त्यांना आप्पा म्हणतात), एक नणंद, आणि दिवसभर दुधाला नाहीतर कांद्याचं विचारायला येणारी माणसं. नवराबायकोला दोन शब्द बोलायचे तर जागा एकच, मोटारसायकल! गाव मागं पडलं की तोंड उघडायचं, गाव आलं की मिटायचं. नेमका तिथंच यांनी आपल्या व्हिडिओ चॅनलसाठी कॅमेरा बसवला. तोही आवाज टिपणारा!

*

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघालो. चौक सुटला, मी घसा साफ केला. "अहो, ऐका ना..."

"थांब, इंट्रो घेतो." आणि मोठ्यानं, "नमस्कार मंडळी! आज निघालोय दौंडला, सोलो राइड!"

सोलो! मागं मी, माझ्या मांडीवर भोपळा, भोपळ्यावर आत्यांनी दिलेली चकल्यांची बरणी. आम्ही कोण मग? लगेज?

*

कॅमेरा हँडलवर लावला की रस्त्याकडेचा ऊस थरथरायचा. टाकीवर लावला की यांचंच पोट दिसायचं. शेवटी म्हणाले, "तूच धर ना माझ्या खांद्यावरून. तुझा हात लई स्थिर हाय."

"बघायला आला होतात तेव्हा बायको बघत होतात की स्टँड?"

"हळू बोल गं, रेकॉर्डिंग चालू हाय!"

पुढं हँडलसाठी कॅमेऱ्याचा चांगला रबरी स्टँड आला, तेव्हा माझा हात सुटला.

*

एकदा धीर करून मनातलं बोलले. म्हटलं, "तुमच्या घरात मला कधीकधी पाहुणी आल्यासारखं वाटतं."

यांनी चक्क गाडी बाजूला घेतली. मला बरं वाटलं. म्हणाले, "परत एकदा बोल."

"ऐकू नाही आलं?"

"मला आलं. माईकमधी वारं घुसलं."

*

एका रविवारी सगळं घर टीव्हीसमोर. यांनी आदल्या दिवशीची राइड लावली. ऊस गेला, पूल गेला, आणि मग माझा आवाज, "आत्या भाजीत तेल घालतात की अभिषेक करतात?"

सगळ्यांनी आत्यांकडं पाहिलं! हे मात्र खूश. "बघा, आवाज किती क्लिअर हाय!"

जेवताना आत्यांनी माझ्या ताटात भाजी वाढली. "बघ गं बाई, आज नुसतं शिपडलंय."

त्या दिवसापासून मी गाडीवर बोलणं सोडलं. न्हावरे ते दौंड, मुकी.

*

चौकात एका आबांनी गाडी अडवली. "चॅनलवालं का? आमच्या गल्लीतला खड्डा घ्या की!"

यांनी इंजिन बंद केलं. आबांचा खड्डा ऐकला, गटार ऐकलं, सुनेच्या तक्रारीही ऐकल्या. निघताना मला दिसलं, बॅटरी केव्हाच संपली होती.

"मग ऐकत का बसलात?"

"म्हातारं माणूस मनातलं बोलत होतं. मधीच कसं तोडायचं?"

म्हणजे मी आता म्हातारी व्हायची वाट बघायची!

*

मग एकदा मामा आणि आत्या याच गाडीवर शिरूरला लग्नाला गेले. कॅमेरा काढायचा राहिला होता आणि येताना मामांचा अंगठा बटणावर पडला असणार. घरात या दोघांचं बोलणं म्हणजे "वाढलंय" आणि "बरं". तेवढंच.

संध्याकाळी यांनी कौतुकानं ते रेकॉर्डिंग टीव्हीवर लावलं. "आप्पांची पहिली राइड!"

पडद्यावर रस्ता सरकत होता आणि आत्यांचा आवाज येत होता, आम्ही कधीच न ऐकलेला. नवरीची साडी, जेवणातली जिलबी, विहिणीचा तोरा, सगळं सांगत होत्या, मधेच हसत होत्या. मामा "व्हय का?" म्हणत होते. गावाची कमान दिसली तशा आत्या म्हणाल्या, "अवो, जरा दमानं घ्या की. लगीच घर यील."

मामा टोपी चढवून गोठ्याकडं गेले. आत्यांनी टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दौंडला निघालो, तर हँडल मोकळं! हे घरभर शोधत सुटले. "आई, माझा कॅमेरा?"

आत्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ज्वारीच्या कोठीत हाय. माघारी आलास की काढून दीन."