कोपरापर्यंतची भेग

भिमी पारधीचं माहेर शहापूर तालुक्यातलं, किन्हवलीच्याही आत, डोंगराला टेकलेल्या एका ठाकरवाडीतलं. लग्न होऊन ती मुरबाड तालुक्यात आली. सिद्धगडाच्या रांगेखाली आंबेमाळ नावाची तेवीस घरांची वाडी आहे, तिथे. वाडीच्या डोक्यावर उभा उतार, आणि त्या उतारावर तिच्या नवऱ्याचा, चांगोचा, नाचणीचा तुकडा.

भिमी शाळेत गेली नाही. बोलायचीही कमी. चारचौघांत तिचा आवाज चढलेला ऐकलाय, असं सांगणारा माणूस वाडीत मिळाला नसता. लहानपणाची एक गोष्ट मात्र तिच्या आत घट्ट बसली होती. तिचा बाप विहिरी खणायचा. ती नऊ वर्षांची असताना एका सकाळी विहिरीच्या काठाला बारीक भेग दिसली. बापाने मुकादमाला दाखवली. मुकादम म्हणाला, अर्ध्या दिवसाचं काम राहिलंय, उरकून घ्या. दुपारी भिमी भाकरी घेऊन पोचली तेव्हा काठ आत बसला होता आणि तिचा धाकटा काका खाली होता. बाप पुढे कित्येक वर्षं एकच म्हणायचा, मी दाखवली, पण ओरडलो नाय.

भिमीची मुलगी हर्षाली एकोणीस वर्षांची. मुरबाडला वसतिगृहात राहून ती चित्रकला शिकते. मे महिन्यात ती घरी आली ती सरांनी दिलेलं काम घेऊन. निसर्गातले पोत जमवायचे होते. साली, दगड, माती, पानं, यांचे अगदी जवळून काढलेले पन्नास फोटो. प्रत्येक फोटोत मापासाठी काहीतरी ठेवा, असं सरांनी बजावलं होतं. हर्षालीने आईचा हात ठेवायचं ठरवलं.

एका रविवारी तिघं सकाळीच निघाली. चांगोला आधी हसू येत होतं. लोक माणसांचे फोटो काढतात आणि आपली पोर झाडाच्या सालीचे काढते. पण थोड्या वेळाने तोच पुढे होऊन एकेक गोष्ट दाखवायला लागला. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल. काटेसावरीच्या बुंध्यावरचे जाड काटे. कातळावर चिकटलेलं दगडफूल. वारुळाची खरबरीत भिंत. भिमी प्रत्येक ठिकाणी हात टेकायची आणि हर्षाली वाकून फोटो काढायची. नाचणीच्या तुकड्याच्या वरच्या बांधाशी जमीन फाटली होती. उन्हाळ्यात ती फाटतेच. भिमीने भेगेवर हात धरला, तिच्यात आडवी चार बोटं बसली. फोटो निघाला आणि तिघं करवंदं खात पुढे गेली.

सरांना फोटो आवडले. त्यांनी त्यातूनच पुढचं काम दिलं. त्याच जागा, तोच हात, आता पावसात. म्हणून जुलैच्या शेवटी हर्षाली दोन दिवसांसाठी परत घरी आली आणि अडकली. सहा दिवस पाऊस एकसारखा कोसळत होता. ओढ्यावरची फरशी, म्हणजे वाडीचा एकुलता बसका पूल, पाण्याखाली गेली होती. सातव्या दिवशी सकाळी उघडीप मिळाली तशी ती आईबापाला म्हणाली, आता जाऊन येऊ, परत कधी उघडेल सांगता येत नाय.

त्या सकाळी चांगोचं मन फिरण्यात नव्हतं. वाडीखालच्या झऱ्याला लाल, गढूळ पाणी आलं होतं. तो झरा भर पावसातही नितळ वाहायचा. भिमीने हंडा अर्धा भरून ओतून दिला आणि नवऱ्याकडे पाहिलं. सहा दिवसांचा पाऊस आहे, आणखी काय होणार, असं तो म्हणाला. तरी निघताना त्याने काठी घेतली.

भिमीला जागा फोनमध्ये बघाव्या लागत नव्हत्या. ऐनाचा तोच बुंधा, त्याची तीच बाजू ती बरोबर दाखवत होती. साल काळी पडली होती आणि फटींत शेवाळ धरलं होतं. वारूळ अर्धं बसलं होतं. दगडफूल पाणी पिऊन मऊ झालं होतं, उन्हाळ्यात नखाने खरवडलं तरी निघत नव्हतं ते आता बोटाला लागून येत होतं. पायांखालची जमीन मात्र भिमीला बरी वाटत नव्हती. चिखल तर सगळीकडेच होता. पण इथे पाऊल टाकलं की आतून काहीतरी हलल्यासारखं होत होतं. ती दोनदा थांबली. दोन्ही वेळा परत चालायला लागली.

नाचणीच्या तुकड्यावर पोचल्यावर हर्षालीने फोन काढला आणि मेमधला फोटो समोर धरला. बांधातला तोच टोकदार दगड. पण फोटोत जी भेग हातभर लांब होती, ती आता उताराला आडवी पसरून झाडीत कुठे गेली ते दिसत नव्हतं. वरून येणारं ओहोळाचं पाणी त्या भेगेत उतरत होतं आणि बाहेर कुठेच निघत नव्हतं.

हर्षाली म्हणाली, हात ठेव. भिमी गुडघ्यावर बसली आणि तिने हात आत घातला. मनगट गेलं. मग कोपर गेलं. बोटांना तळ लागला नाही. तिने हात काढून घेतला आणि भेगेच्या दोन्ही कडा चाचपल्या. खालची कड वरच्या कडेपेक्षा वीतभर खाली होती. नाचणीची रोपं लावलेला अख्खा तुकडा वीतभर खाली बसला होता, आणि त्याच्या बरोबर खाली तेवीस घरं होती.

हर्षालीने सवयीने फोटो काढला. मग तिच्या लक्षात आलं की आईचा चेहरा पांढरा पडलाय.

चांगो म्हणाला, "दर पावसात भुई फाटते."

"फाटते," भिमी म्हणाली, "पण खाली बसत नाय."

तिने मुलीला सांगितलं, दोन्ही फोटो अनंतादादाला पाठव. अनंता म्हणजे खालच्या गावचा पोलीस पाटील. फोनला रेंज फक्त वाडीच्या पलीकडच्या खिंडीत मिळायची. हर्षाली पळत सुटली. भिमी वाडीकडे वळली. चांगो मागून म्हणत होता की उगाच लोकांना घाबरवू नको, आधी दोन माणसं आणून दाखवू. ती थांबली नाही.

वाडीत शिरल्यावर पहिल्याच घराच्या अंगणात उभी राहून भिमी ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा. डोंगर सुटलाय, सगळी बाहेर पडा. लोक बाहेर आले ते तिच्या शब्दांमुळे नव्हे, तिचा आवाज ऐकून. काहींना ती वेडी झाल्यासारखी वाटली. पाऊस थांबलाय आणि आता कसला डोंगर सुटतो? चुलीवर भात होता. गुरं गोठ्यात होती. भिमीने वाद घातला नाही. प्रत्येक घरातल्या एका माणसाला तिने वर जाऊन भेगेत हात घालून यायला सांगितलं. सहा जण गेले. परत आले तेव्हा त्यांच्यातला कोणी हसत नव्हता.

अनंता अकराच्या सुमाराला कमरेएवढ्या पाण्यातून दोर धरून आला. फोटो त्याने वाटेतच पाहिले होते. तालुक्याला फोन लागला होता, पण फरशीवरचं पाणी उतरल्याशिवाय गाडी येणार नाही, असं त्याला कळलं होतं. म्हणजे उद्या सकाळ. त्याने वर जाऊन भेग पाहिली, तिच्या कडेला एक काठी रोवली आणि खाली आला. तासाभराने परत पाहिलं तर काठी वाकली होती. मग त्याने विचारायचं सोडून सांगायला सुरुवात केली. सगळ्यांनी ओढ्याच्या अलीकडे, त्या उताराच्या रेषेबाहेर असलेल्या आश्रमशाळेत जायचं, आत्ता, जे हातात मावेल ते घेऊन.

दुपारी पाऊस परत सुरू झाला. माणसं निघायला लागली. पोरं, शेळ्या, तांदळाची पिंपं, डोक्यावर घोंगड्या. पण चार घरं हलेनात. त्यातल्या एकात म्हातारी सोमी होती, वाडीतली सगळ्यांत जुनी. मी इथेच आले, इथेच जाईन, असं ती म्हणत होती. मुलगा आणि सून रडत दारात उभी. भिमी आत गेली, म्हातारीपुढे बसली आणि तिला आपल्या काकाची हकिगत सांगितली. आवाज न चढवता, जेवढी आठवत होती तेवढी.

"माज्या बापाने ओरडायला पायजे होतं आये," ती शेवटी म्हणाली. "मी ओरडली. आता तुजी पाळी, उठायची."

 सोमीने हात पुढे केला. भिमीने तिला पाठीवर घेतलं आणि त्या घसरत्या पायवाटेने शाळेपर्यंत नेलं. सोमी निघाली तशी उरलेली तीन घरंही निघाली.

शाळेत माणसं मोजताना चांगो सापडला नाही. त्याची बैलजोडी होती. ती सोडून खाली आणतो म्हणून तो मागे राहिला होता, असं कोणीतरी सांगितलं. त्याला तास उलटून गेला होता. साडेपाच वाजत आले होते. भिमीने हर्षालीला दाराशी उभं केलं आणि अनंताच्या हातात तिचा हात दिला. हिला सोडू नका, एवढंच म्हणाली. अनंता तिला अडवायला पुढे झाला तोपर्यंत ती उतारावर होती.

चांगो गोठ्यात होता. एक बैल बाहेर आणून त्याने बांधला होता, दुसरा बसकण मारून बसला होता, उठत नव्हता. चांगो त्याला मारतही होता आणि चुचकारतही होता. भिमी म्हणाली, सोडा त्याला. तो म्हणाला, हा गेला तर मी कशाने नांगरू? तिने बाहेरच्या बैलाचं दावं गोठ्यातल्या कोयत्याने तोडलं. तेवढ्यात वरून आवाज आला. जाड कापड मधोमध फाडल्यासारखा, लांबच लांब, मग आणखी एक. झाडांची मुळं तुटत होती.

चांगो खाली पळायला वळला. भिमीने त्याचा दंड धरला आणि त्याला आडवं ओढलं, वाडीच्या कडेला कातळाचं नाक पुढे आलंय त्याच्याकडे. तो म्हणत होता शाळा खाली आहे, आणि ती ओढत होती. चिखलाच्या पहिल्या लोटाने दोघांनाही गुडघ्यापर्यंत धरलं. तिने पुढचा हात कातळाला लावला, मागचा नवऱ्याच्या दंडावरून सोडला नाही. दोघं कसेबसे वर चढले आणि पालथे पडले. त्यांच्या अंगणातून माती, दगड, उभी झाडं जात होती. घर दिसत होतं, मग छप्पर दिसत होतं, मग काहीच दिसत नव्हतं.

सात घरं गेली. बसलेला बैल गेला. माणूस एकही गेला नाही.

अशा वेळी गावाने बाईला डोक्यावर घ्यावं, असं ऐकणाऱ्याला वाटेल. तसं झालं नाही. तालुक्याहून माणसं आली, त्यांनी पाहणी केली आणि सगळी वाडीच धोक्याची ठरवली. ज्यांची घरं जागेवर होती त्यांनाही परत जाऊ दिलं नाही. सोळा कुटुंबांना आपली उभी घरं, लावलेली भाताची आवणं, परसातल्या वेली लांबून बघाव्या लागल्या. सगळ्यांना ठेवलं त्या पत्र्याच्या शेडमध्ये ओल, धूर आणि भांडणं. एक बाई म्हणाली, भिमी बोलली नसती तर आमी आमच्या घरात असतो. भिमीने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याच बाईच्या आजारी पोरीला घेऊन ती दवाखान्यात गेली.

चांगो महिनाभर बायकोशी नीट बोलला नाही. रागावला होता म्हणून नव्हे. तो बोलायला तोंड उघडायचा आणि बैलावर येऊन थांबायचा. हर्षालीने सरांना पन्नासऐवजी एकतीस जोड्या दिल्या आणि बाकीच्या जागा आता नाहीत असं सांगितलं. भेगेची जोडी तिने दिली नाही. ती तालुक्याच्या कचेरीने मागून घेतली होती, आणि तिला स्वतःलाही ती भिंतीवर लावायची नव्हती.

डिसेंबरमध्ये नव्या वाडीसाठी जागा दाखवायला साहेब आले. रस्त्यालगतचा सपाट माळ, खुणांच्या खुंट्या ठोकलेल्या. पुरुष गोळा झाले, माना हलवल्या. जागा सगळ्यांना पसंत दिसत होती. साहेबांनी कागद पुढे केला. सगळ्यांआधी अंगठा चांगोचा होता, कारण गेलेल्या सात घरांच्या यादीत पहिलं नाव त्याचं होतं. त्याने अंगठा दिला नाही. मागे बायकांत उभ्या असलेल्या भिमीकडे वळून तो म्हणाला, "तू बघून ये. मग करू."

सगळे थांबले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. भिमीने पदर खोचला आणि ती माळावर गेली. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, मग आडवी, मग वरच्या अंगाला जिथे बाभळी होत्या तिथे. तासभर लागला. वरच्या कोपऱ्यात डिसेंबर असूनही माती ओली होती आणि लव्हाळा उगवला होता. तिथे खाली पाणी आहे, असं तिने येऊन सांगितलं. तेवढा कोपरा सोडा, बाकी जागा बरी आहे.

साहेबांनी तिचं नाव विचारून लिहून घेतलं. खुंट्या चाळीस पावलं खाली सरकल्या. मग चांगोने अंगठा दिला, आणि त्याच्यामागून एकेक जण पुढे झाला.