रविवार, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं

विद्यापीठात अशी बोलवा आहे की तळघरातल्या सर्व्हर खोलीत एक बाई बसते आणि ती सगळ्यांचे ईमेल वाचते. कुणी प्रेमपत्र लिहिलं तर आधी तिला कळतं, मग ज्याला लिहिलं त्याला. एक विद्यार्थी तर छातीवर हात ठेवून सांगायचा, की त्यानं आजारपणाच्या रजेचा अर्ज टाइप करायला घेतला आणि पडद्याच्या कोपऱ्यात आपोआप उमटलं, “काय अडलंय?”

ती बाई म्हणजे आमची मावशी. ते “काय अडलंय?” होतं मदतीच्या खिडकीतलं तयार वाक्य, चुकून वरचं बटण दाबलं की उघडणारं. आणि ईमेल म्हणाल, तर ती स्वतःचेसुद्धा वाचत नाही. दोन हजार तीनशे न उघडलेले पडलेत. “ज्याला खरंच काम असेल तो जिना उतरून येईल,” असं तिचं म्हणणं. जिना उतरून कुणी आलंच, तर ती आधी त्याच्याकडे बघते, मग त्याच्या मागे कुणी आहे का ते बघते, आणि मगच म्हणते, “बोला.”

संशय हा मावशीचा स्वभाव नव्हे, श्वास आहे. “सव्वासात झाले,” असं म्हटलं तर ती विचारते, “ते घड्याळ बरोबर आहे हे तुला कुणी सांगितलं?” दाराला कुलूप लावून दोनदा ओढते, जिन्यावरून परत येऊन तिसऱ्यांदा ओढते. आई म्हणते, “हिला लहानपणी आरसा दाखवला, तर ही मागे जाऊन बघून आली.”

पण याच संशयानं तिला कामाचं केलं. पूर्वी विद्यापीठातल्या संगणकांवर विकतची प्रणाली होती, आतलं कुणाला न दाखवणारी. मावशीनं ती काढून मुक्त प्रणाली आणली, जिचा सगळा कोड उघडा असतो. कुणीही वाचावा, हवा तसा बदलावा. लोकांना वाटलं, बाई उदार विचारांची आहे. कसलं काय! “झाकण लावलेल्या डब्यात काय शिजतंय ते मला कोण सांगणार? उघडा असला की मी स्वतः डोकावते,” एवढंच तिचं तत्त्वज्ञान. दोन वर्षं खपून तिनं ती प्रणाली विद्यापीठाच्या मापाची बेतली. नको ते कापलं. वाचनकक्षातलं यंत्र बंद केलं की मागच्या माणसाचं सगळं पुसलं जाईल, अशी सोय केली. परीक्षेच्या खोलीतल्या यंत्रांवर परीक्षेशिवाय काहीच उघडणार नाही, अशी तजवीज केली. सहाशे चाळीस यंत्रं, आणि सगळ्यांवर तिच्या हातचं काम.

त्या सोमवारी कुलसचिवांनी तिला वर बोलावलं. सत्र परीक्षा आठ दिवसांवर आली होती. कुलसचिवांना कुठलीही गोष्ट सरळ सुरू करता येत नाही.

“म्हणजे कसं आहे बाई,” ते म्हणाले, “म्हणजे असं बघा, की प्रश्नपत्रिकांचं जे फोल्डर आहे, ते म्हणजे कसं आहे, की काल उघडलं गेलं.”

“काल रविवार होता.”

“तेच तर म्हणतोय. म्हणजे कसं आहे, की कार्यालय बंद, आणि फोल्डर उघडं.”

मावशीनं खाली येऊन नोंदी काढल्या. कुठल्या यंत्रानं कधी काय उघडलं, ते सगळं सर्व्हर लिहून ठेवतो. रविवार, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं. यंत्र, परीक्षा विभागातलं, शिक्केवाल्यांचं. आदल्या रविवारीही तेच यंत्र, नऊ वाजून नऊ मिनिटं.

शिक्केवाले म्हणजे परीक्षा विभागातले सर्वांत जुने कारकून. पाकिटांवर शिक्के मारण्यात हयात गेली, म्हणून हे नाव. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. नवी प्रणाली आली तेव्हा “जुनीच बरी होती” म्हणून सर्वांत मोठ्यानं कुरकुरले होते तेही हेच. मावशीच्या डोक्यात तेव्हाच त्यांच्या नावापुढे फुली पडली होती.

“रविवारी कुठे होता?” तिनं विचारलं.

“घरीच होतो हो, घरीच. जावई आले होते, जावई.”

“दोन्ही रविवारी?”

“दोन्ही. जात नाहीत ना ते, जात नाहीत.”

“खोलीची किल्ली कुणाकडे असते?”

“माझ्याकडेच, माझ्याकडे.”  आपण काय बोलून बसलो ते त्यांना बोलल्यावर कळलं.

किल्ली एकच, यंत्र तेच, वेळ जवळजवळ तीच. कुलसचिवांनी निलंबनाचा आदेश टाइप करून ठेवला. शुक्रवारी अकरा वाजता समिती बसणार, मावशी अहवालावर सही करणार, की आदेश निघणार. चौतीस वर्षांची नोकरी एका सहीवर येऊन थांबली.

मंगळवार-बुधवार मावशीनं नोंदी उपसल्या. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं तिला दिसत होतं, कुठे ते दिसत नव्हतं. तिचा सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शिपायावर, जिन्याच्या पहारेकऱ्यावर, जावयावर. मध्येच ग्रंथपाल बाई जिना उतरून आल्या. आयुष्य वाचनालयात गेल्यामुळे त्या भर रस्त्यातही कुजबुजतच बोलतात.

“अहो… आमच्या काउंटरवरचं नेट… पुन्हा गेलं…”

“वायर हलवली असेल कुणीतरी.”

“नाही हो… दोन आठवडे झाले… अकराच्या सुमाराला जातं… मग येतं… मग जातं…”

“जुनी प्रणाली परत हवी असेल तर तसं सरळ सांगा,” मावशी म्हणाली. ग्रंथपाल बाई आल्या पावली परत गेल्या. गेल्या तेव्हाही आवाज न करता.

गुरुवारी सकाळी मावशीनं शिक्केवाल्यांचं यंत्र पुरावा म्हणून ताब्यात घेतलं. स्वतः वायरी काढल्या, स्वतः उचललं, जिन्यावरून स्वतः खाली आणलं. शिक्केवाले दारात उभे होते. “न्या,” ते म्हणाले, “न्या. त्यातच काय ते निघेल, त्यातच.” आणि रिकाम्या टेबलाशी बसून पाकिटांवर शिक्के मारायला लागले. पाकिटं कोरीच होती.

मावशीनं यंत्र आपल्या टेबलावर ठेवलं. वीज नाही, वायर नाही. नुसता पत्र्याचा डबा. मग सवयीनं तिनं आपल्या पडद्यावर यादी उघडली, कुठली यंत्रं आत्ता नेटवर्कवर आहेत त्याची.

शिक्केवाल्यांचं यंत्र चालू होतं.

तिनं डब्यावर हात ठेवला. गार. पडद्याकडे बघितलं. चालू. तिनं डबा उचलून खालीसुद्धा बघितलं. आईला हे सांगताना ती म्हणाली, “ताई, आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या संशयाचीच भीती वाटली.”

पहिला विचार अर्थातच हा, की कुणीतरी सोंग घेतलंय. शिक्केवाल्यांच्या यंत्राचा मुखवटा लावून दुसरंच यंत्र नेटवर्कवर फिरतंय. म्हणजे चोर हुशार आहे. म्हणजे तो आत्ता, या क्षणी, इमारतीत आहे! मावशी पदर खोचून जिना चढली. नोंदीनुसार तो पत्ता परीक्षा विभागाच्याच इमारतीतला होता. वरच्या मजल्यावर परीक्षा विभाग, खाली वाचनालय. वर तिनं एकेक खोली बघितली. सगळी यंत्रं जिथल्या तिथे, आपापल्या नावानं. मग ती वाचनालयात शिरली.

काउंटरमागून ग्रंथपाल बाई उठल्या. चेहरा खुललेला.

“आज… काय केलंत हो तुम्ही?…”

“का?”

“आज अकरा वाजून गेले… तरी नेट एकदाही गेलं नाही…”

मावशी जागच्या जागी थांबली. मग काउंटरमागे गेली, ग्रंथपाल बाईंना बाजूला सरकवलं आणि यंत्राची खूण उघडून बघितली.

आता ही खूण काय ते सांगायला हवं. प्रणाली यंत्रावर बसली आणि यंत्र पहिल्यांदा सुरू झालं, की ते स्वतःसाठी बत्तीस अक्षरांची एक खूण तयार करतं. नेटवर्क नावावरून नव्हे, त्या खुणेवरून यंत्राला ओळखतं आणि पत्ता देतं. एका यंत्राची पूर्ण नक्कल दुसऱ्यावर उतरवायची, तर ती खूण आधी पुसायची असते. नाहीतर दोन यंत्रं एकच माणूस असल्यासारखी वागतात. मावशीच्या सहाशे चाळीस यंत्रांची मूळ प्रत पुसलेली, धुतलेली, स्वच्छ होती. पण दोन आठवड्यांपूर्वी वाचनालयाचं यंत्र मेलं तेव्हा ग्रंथपाल बाई तिच्या डोक्याशी येऊन कुजबुजत उभ्या राहिल्या होत्या, “रांग लागलीय हो… रांग…” मूळ प्रत कपाटात, कपाट कुलपात. आणि शिक्केवाल्यांचं यंत्र धूळ झाडायला म्हणून टेबलावरच उघडं पडलेलं. मावशीनं सरळ त्याचीच नक्कल उतरवली. नाव बदललं, पुस्तकांचा कार्यक्रम टाकला, निघून गेली. खूण राहिली. शिवाय, यंत्र सुरू झालं की प्रश्नपत्रिकांचं फोल्डर आपोआप जोडायचं, ही शिक्केवाल्यांसाठी तिनंच करून दिलेली सोयही राहिली.

रविवारी परीक्षा विभाग बंद असतो. वाचनालय मात्र नऊला उघडतं. ग्रंथपाल बाई येऊन यंत्र सुरू करायच्या, आणि सर्व्हर इमानेइतबारे लिहायचा, की शिक्केवाले आले आणि त्यांनी प्रश्नपत्रिका उघडल्या. एरवीही नऊला अशीच नोंद व्हायची, पण कामाच्या दिवशी ती कुणाला खटकली नाही; मग अकराला शिक्केवाले आपलं यंत्र सुरू करायचे, की एका पत्त्यावरून दोघांची ढकलाढकली. वर शिक्केवाल्यांचंही नेट जायचं, पण ते शिक्के मारण्यात गर्क. त्यांना कळायचंच नाही.

सगळ्या विद्यापीठावर संशय घेऊन झाला होता. एकाच माणसावर घ्यायचा राहिला होता.

संध्याकाळी ती आमच्याकडे जेवायला आली, तेव्हा हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. आई म्हणाली, “अगं मग लिही ना, तांत्रिक बिघाड म्हणून. शिक्केवाले सुटले, तूही सुटलीस. कोणाला कळणार आहे?”

“कोणालाच नाही,” मावशी म्हणाली.

मी म्हटलं, “ती तेच लिहिणार. पैज लावते.” कारण मावशीला मी ओळखते. वाटाणे स्वतः करपवले तरी ती शेगडीची चौकशी करते.

“लाव,” मावशी म्हणाली. “पण तोंडी नाही.”

कागदावर अटी लिहिल्या. मी जिंकले, तर आमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड तिनं वर्षभर बदलायचा नाही. तो ती दर सोमवारी बदलते. ती जिंकली, तर माझ्या लॅपटॉपवरचं सगळं पुसून तिनं आपली प्रणाली टाकायची. मी सही केली. तिनं सही उजेडात धरून बघितली.

शुक्रवारी अकरा वाजता समितीपुढे तिनं अहवाल ठेवला. पहिलं वाक्य होतं, “ही चूक माझी आहे.” दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात काय केलं, चौथ्यात काय करायला हवं होतं. तांत्रिक हा शब्द कुठेही नव्हता.

कुलसचिव अस्वस्थ झाले. “म्हणजे कसं आहे बाई, हे जरा, म्हणजे, सौम्य भाषेत लिहिता आलं असतं.”

“आलं असतं. मग वाचणाऱ्याला वाटलं असतं, अजून काहीतरी लपवलंय. मला तरी वाटलं असतं.”

निलंबनाचा आदेश फाडला. फोल्डर दोन आठवडे वाचनालयाच्या काउंटरवर उघडं पडलेलं, त्यामुळे प्रश्नपत्रिकांचे राखीव संच काढावे लागले. मावशीच्या नावे लेखी ताकीद निघाली, ती तिनं दोनदा वाचून त्यातली तारखेची चूक दाखवून परत पाठवली. दुरुस्त होऊन आल्यावरच घेतली.

दुपारी शिक्केवाले जिना उतरून आले. “बाई,” ते म्हणाले, “खरंच माझ्यावर संशय होता, माझ्यावर?”

“होता. थोडा अजून आहे.”

“अजून? कशाचा?”

“दोन रविवार राहणारा जावई मी पाहिलेला नाही.”

शिक्केवाले इतके हसले, की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

शनिवारी सकाळी मावशी आमच्या दारात हजर. आधी तिनं माझ्या सहीचा कागद दाखवला, मग हात पुढे केला. मी लॅपटॉप दिला.

“तुझं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवलंस?”

“हो.”

“नक्की?”

“हो गं मावशी, कालच.”

“दाखव,” ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. मी काहीही उतरवून ठेवलं नव्हतं.