ट्रॅकबॅक आला होता

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय, इतक्या वर्षांनी.

मी मुरबाड तालुक्यातला, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावचा. वाशिंदला कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी. ब्लॉगचे दिवस जोरात होते तेव्हा मीही एक ब्लॉग चालवायचो, टोपणनावानं. गड, रानातल्या वाटा, कुठल्या टाक्यात कधीपर्यंत पाणी असतं, असलं सगळं. लांबलांबचे लोक वाचायचे. तुमच्यासारखा माहितगार दुसरा नाही, असं लिहायचे. तो माणूस मी आहे हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

माहितगार? मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून. डोंगराच्या कुशीत जन्मलो आणि कड्याच्या काठाला उभा राहू शकत नाही — हे कुणाला सांगणार?

गडावर चढणारी एक नाळ होती, कड्यातली अरुंद घळ. तिच्याबद्दल लिहा, असं वाचक सारखे मागे लागले. मी गेलो. अर्ध्यावर नजर खाली गेली. तिथंच बसलो आणि बसत बसतच खाली आलो. वरचा अर्धा भाग शेजारच्या तात्यांनी सांगितला, त्यांच्या तरुणपणीचा. उजव्या हाताला खोदलेल्या खोबण्या लागतात, त्यात पाय रोवले की माणूस सरळ वर. मी ते जसंच्या तसं लिहिलं. फक्त तात्यांच्या जागी 'मी' घातलं.

तो लेख सगळ्यात जास्त वाचला गेला.

ट्रॅकबॅक काय असतो ते आता सांगायला हवं. दुसऱ्या कुणी आपल्या ब्लॉगवर तुमच्या लेखाचा दुवा देऊन काही लिहिलं, की त्याची खबर आपोआप तुमच्या लेखाखाली, प्रतिक्रियांमध्ये येते. आधी ती तुमच्याकडे मंजुरीला येते. दाखवायची की पुसायची, ते तुमच्या हातात.

एका सकाळी तशी एक खबर आली. शहापूरच्या वैशालीताईंची. त्या शाळेत शिकवायच्या आणि सुट्टीत डोंगर फिरायच्या, आमची ईमेलवरची ओळख, एकमेकांचे फोन नंबरही होते. त्यांनी लिहिलं होतं — या लेखातल्या नाळेत मी परवा गेले होते, वरच्या खोबण्या दरड कोसळून गेल्यात, आता तिथं सुट्या दगडमातीचा नुसता घसारा आहे, कुणी जाऊ नये. आणि पुढं, अगदी साधेपणानं: खोबण्यांची जागा बघता हा भाग पडून बरीच वर्षं झाली असावीत, लेखकाला तो कसा दिसला नाही याचं नवल वाटतं.

ते एक वाक्य मी तीनदा वाचलं. दरड राहिली बाजूला. मला एवढंच दिसलं — आता सगळ्यांना कळणार की हा वर गेलाच नव्हता.

मी तो ट्रॅकबॅक पुसला.

नंतर दोन दिवसांनी एक लेख लिहिला, ट्रॅकबॅक प्रतिक्रियांमध्ये दाखवावेत का, यावर. औषधांच्या नि जुगाराच्या जाहिराती कशा घुसतात, खऱ्या वाचकांचं बोलणं त्यात कसं हरवतं. यातलं काही खोटं नव्हतं. म्हणून मी ट्रॅकबॅक बंद करतोय, असं जाहीर केलं. पटलं लोकांना. मूळ लेख मात्र तसाच ठेवला. तो काढला तर कुणी विचारेल ना — का काढला?

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, तात्या दारात आले. "चल रे लवकर. नाळंत पोरगी पडलीय. झोळी करून आणायला लागंल."

कल्याणची भावंडं होती. आम्ही सहा जण वर गेलो. ती घळीच्या तळाशी पडली होती, कंबरेखाली हलता येत नव्हतं. तात्या तिच्या भावाला म्हणाले, "आमी हितनं ढोरंबी नाय नेत आता. तुमाला कुणी सांगितली ही वाट?"

त्यानं खिशातून घडी केलेले कागद काढले. माझा लेख. छापून आणलेला. "हा माणूस म्हणतो तो स्वतः गेला होता," तो म्हणाला. तात्यांना वाचता येत नाही. त्यांनी कागद माझ्या हातात दिले. "बघ रं, कोण हाय ह्यो?"

मी म्हणालो, "नाव नाही लिहिलेलं."

मग झोळीच्या बांबूला खांदा दिला. उतरताना प्रत्येक दगडाला ती कण्हत होती. मी तिच्या डोक्याच्या बाजूला होतो. मला पडायची भीती वाटायला हवी होती त्या उतारावर, पण वाटत होती ती दुसरीच — दवाखान्यात ती कुठल्या ब्लॉगचं नाव घेईल, कोण शोधेल, पोलीस येतील का. एक माणूस खांद्यावर आणि डोक्यात हे.

ती वाचली. कुबडी मात्र कायमची लागली.

त्याच आठवड्यात अपघाताचं ऐकून वैशालीताईंचा फोन आला. आवाज बसलेला. "दादा, मी इशारा लिहिला होता. तुमच्या लेखाला जोडून. ट्रॅकबॅक पोचला नाही का तुम्हाला?"

खरं सांगायची एवढी सोपी संधी पुन्हा कधी मिळाली असती?

"नाही हो ताई," मी म्हणालो. "काहीच आलं नाही."

त्या म्हणाल्या, "म्हणजे माझंच सेटिंग चुकलं. तुम्ही वाचून दुरुस्त कराल, म्हणून मी निर्धास्त राहिले. साधा फोन केला असता तर." महिन्याभरात त्यांनी आपला ब्लॉग बंद केला. मी माझाही केला. लोकांना वाटलं, कंटाळलो.

चोरी उघडी पडेल ही भीती अजून आहे. फोनवर अनोळखी नंबर दिसला की ती येते. गावात गाडी थांबली की येते.

मागच्या वर्षी शहापूरला डोंगर फिरणाऱ्यांचा मेळावा होता. वैशालीताई नव्या पोरांसमोर बोलायला उभ्या राहिल्या आणि हीच हकीकत सांगितली. एक मुलगी माझ्या निष्काळजीपणामुळं अपंग झाली, म्हणाल्या, मी यंत्रावर विश्वास ठेवला आणि पोचलं की नाही ते पाहिलं नाही. तुम्ही माझ्यासारखं करू नका.

मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.