धुरावर विश्वास नसलेली बाई

दोमितिला चिगुआयचं घर चाळीस वर्षं खाली खाडीच्या काठाला होतं आणि बाउदिलियो बार्रियाचं वर टेकडीवर. मधे तिचं बटाट्याचं शेत, सफरचंदाची चार वाकडी झाडं आणि एक मोडकं कुंपण. चिलोए बेटाच्या या टोकाला माणसं एकमेकांची खुशाली विचारायला उठून जात नाहीत, सकाळी शेजाऱ्याच्या धुराड्याकडे बघतात. धूर दिसला की घर बरं आहे असं समजायचं आणि आपल्या कामाला लागायचं. नाही दिसला तर कोणीतरी रबरी बूट चढवून चिखल तुडवत बघायला जातं. वर्षातले सात-आठ महिने पाऊस पडतो, तिथे याहून जास्त माया कोणाला परवडणार?

एप्रिलमध्ये बाउदिलियोची बायको रोसाल्बा वारली. गावाने रीतीप्रमाणे नऊ दिवस प्रार्थना केल्या, नऊ दिवस त्याच्याच घरी जेवणं केली आणि दहाव्या दिवसापासून त्याच्या धुराड्यावर नजर ठेवली. साडेसातला धूर निघायचा, रोज, न चुकता. "सावरला म्हातारा," गाव म्हणालं. म्हातारा कसला, एकसष्ट वर्षांचा होता.

खरी गोष्ट अशी होती की बाउदिलियो उठायचा, चुलीत चार लाकडं घालून पेटवायचा आणि परत अंथरुणात शिरून भिंतीकडे तोंड करून पडायचा. नऊच्या सुमाराला चूल विझून जायची. घर गरम व्हावं म्हणून तो ती पेटवत नव्हता, कोणी येऊ नये म्हणून पेटवत होता. थंडगार उकडलेले बटाटे सालासकट खायचा. लुसेरो आणि पालोमो ही त्याची बैलजोडी, एके काळी गावात पहिल्या नंबरची, गोठ्यात गुडघाभर चिखलात उभी असायची. आठवलं तर तो तिला चारा टाकायचा. त्याने मनाशी ठरवलं होतं, बैल विकायचे. बैल गेले की मग आपली वाट बघणारं कोणीच नाही. मग एक दिवस बोट घेऊन निघायचं आणि परत फिरायचं नाही.

हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं.

जूनमधल्या एका सकाळी, दहा वाजले असतील, बाहेरून आवाज आला. "कोंपाद्रे बाउदिलियो, दारात विनवणी आली आहे."

आवाज दोमितिलाचा. रोसाल्बा तिच्या थोरल्याची धर्ममाता, त्या नात्याने ती दोघं एकमेकांना कोंपाद्रे-कोमाद्रे म्हणत आणि चाळीस वर्षांच्या शेजारानंतरही अहो-जाहो करत. दोमितिला बुटकी, रुंद, बारा महिने मुलाचं पिवळं रबरी जाकीट घालणारी. लोकरीचे मोजे विणायची, लसूण विकायची, ओहोटीला शिंपल्या गोळा करायची. तिची जीभ अशी की शिंपल्या तिला बघूनच उघडत असतील, असं गावातले पुरुष तिच्या पाठीमागे म्हणत.

आता विनवणी म्हणजे काय, तर ज्याला गावाची मदत हवी असेल त्याने घरोघर जाऊन दाराबाहेर उभं राहायचं. आत बोलावलं तरी जायचं नाही. घरच्याने उठून दारात यायचं आणि उभ्यानेच हो किंवा नाही म्हणायचं. अंथरुणातून उत्तर देणं म्हणजे तोंडावर थुंकणं.

"घरात कोणी नाही," बाउदिलियो पांघरुणातून ओरडला.

"असं होय. मग चूल मांजराने पेटवली वाटतं. हुशार आहे हो तुमचं मांजर. बैल हाकता येतात का त्याला?"

"उद्या या, कोमाद्रे."

"उद्यापण पाऊसच आहे. आज भिजलेच आहे, तर आजच उभी राहते."

आणि ती उभी राहिली. बाउदिलियोने डोकं उशीखाली घातलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि त्या पावसाखाली एक बाई गप्प उभी आहे, हे काही केल्या त्याला विसरता येईना. तासाभराने तो उठला तो रागाने. दार उघडलं. तिचे ओठ निळे पडले होते आणि जाकिटाच्या बाह्यांतून पाणी गळत होतं.

"माझं घर ओढायचं आहे," ती म्हणाली. "खालून वर, माझ्या बटाट्याच्या शेतात. जानेवारीत. सगळ्यात पुढे तुमची जोडी हवी."

"जानेवारीत? आता जून चाललाय."

"माहितीये. तुमची जोडीही बघितलीये मी. लांबून बरगड्या मोजता येतात. सात महिने खाऊ घाला, तेव्हा कुठे माझा उंबरा हलेल."

तो हो म्हणाला. हो म्हटल्याशिवाय दार लावता येणार नव्हतं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. अंथरुणात परत आल्यावर त्याच्या लक्षात आलं की विनवणीला हो म्हटलेला माणूस जानेवारीपर्यंत बैल विकू शकत नाही. आणि बोट घेऊनही जाऊ शकत नाही, कारण मग बैल कोण हाकणार? दिलेला शब्द मोडलेला माणूस गावात त्याच्या आठवणीत एकही नव्हता. त्याने त्या बाईला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

गाव हसलं. आमच्याकडे लाकडी घर अख्खंच्या अख्खं बैलांनी ओढून दुसरीकडे नेतात खरं, पण त्याची विनवणी तीन आठवडे आधी करतात, सात महिने आधी नाही. बाई म्हातारपणी चळली, असं ठरलं. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. उलट नवीन फर्मान काढलं, रोज अकरा वाजता जोडी कुंपणापर्यंत आणून दाखवायची.

अकराला तो यायचा, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. ती खुर बघायची, मान दाबून बघायची, "ह्याच्यापेक्षा माझी कोंबडी जास्त ओढेल," असं काहीतरी बोलायची, फडक्यात बांधलेला गरम मिल्काओ, म्हणजे किसलेल्या बटाट्याची चरबी घातलेली जाड भाकरी, त्याच्या हातात कोंबायची आणि चालू लागायची. मन घट्ट करा, रोसाल्बा वरून बघतेय, देवाची मर्जी, हे सगळं बाकीचं गाव त्याला ऐकवत होतं. दोमितिला फक्त बैलांबद्दल बोलायची.

पण दिवस काही नुसत्या अकरा वाजण्याचा नसतो. अकरानंतरचे तास तसेच उरायचे. जुलैत एक दिवस अकरा वाजले, साडेअकरा वाजले, आणि कुंपणापाशी बैल आले नाहीत.

या वेळी ती दाराबाहेर थांबली नाही. सरळ आत आली आणि अंथरुणाशेजारी खुर्ची ओढून बसली.

"विनवणी नाही आज," ती म्हणाली. "विचारायला आलेय. मरायचा विचार येतो का?"

घरात मीठ आहे का, असं विचारावं तितक्या सरळ आवाजात तिने विचारलं. बाउदिलियोने पहिल्यांदा भिंतीकडचं तोंड फिरवलं. तीन महिन्यांत गावाने त्याला जेवलास का विचारलं होतं, छत गळतं का विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याबरोबर छातीवरचं काहीतरी बोटभर बाजूला सरकलं.

"येतो," तो म्हणाला. "बोटीचा येतो."

"मला विहिरीचा यायचा."

मग तिने सांगितलं. एकतीस वर्षांची होती, धाकटा नुकता झालेला, नवरा मेंढ्यांची लोकर कातरायला दक्षिणेला गेलेला. सकाळी चूल पेटवायची आणि पोराला घेऊन परत अंथरुणात. पोर रडायचं आणि तिला ते लांबून कुठूनतरी ऐकू यायचं. "चौदा आठवडे माझ्या धुराने गावाला फसवलं, कोंपाद्रे. तुमच्या धुराने मला महिनाभरसुद्धा नाही फसवलं. दुपारी धूर नाही, संध्याकाळी नाही. नुसता सकाळचा. तो धूर गावाला दाखवायचा होता, मी ओळखते तो."

"मग? कोणी काढलं तुम्हाला बाहेर?"

"तुमच्या बायकोने. यीस्ट मागायला आली आणि अंथरुणापर्यंत आत आली. मला लाँचमध्ये घालून कास्त्रो शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. त्या डॉक्टरणीने सांगितलं, हा आजार आहे, आळस नाही, याला नाव आहे आणि औषधही आहे. दोन वर्षं गोळ्या घेतल्या. नऊ वर्षांपूर्वी परत वर्षभर. तुम्हाला रोसाल्बा कधी बोलली नाही?"

"एक शब्द नाही," बाउदिलियो म्हणाला. चौतीस वर्षं एका उशीवर झोपलेल्या बाईने एवढी गोष्ट पोटात ठेवली होती. त्याला रडू आलं. रोसाल्बा गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडला, आणि दोमितिलाने त्याला गप्प केलं नाही.

"पण तुम्ही बऱ्या झालात," तो मग म्हणाला.

"बरी झाले. गेलं कुठे? ओल आहे ती. आपल्या घरातली ओल कधी कायमची जाते का? रोज चूल पेटवायची आणि रोज थोडी सुकवायची. मी हिवाळ्यात सफरचंदाच्या दारूला शिवत नाही, प्यायलं की दुसऱ्या दिवशी ओल दुप्पट चढते म्हणून. जेवणानंतर आडवी होत नाही. ओहोटीला जायचं म्हणजे जायचं, शिंपल्या मिळोत न मिळोत. कंटाळवाणं आहे हो सगळं. कोणी याच्यावर गाणं रचणार नाही."

उठताना ती म्हणाली, "मंगळवारी डॉक्टरची लाँच येते. मी बरोबर येणार आहे, तेव्हा दाढी करा, मला लाज नको." आणि अंगणातून जाताना बोटीची दोन्ही वल्ही उचलून तिने खांद्यावर टाकली. "ही माझ्याकडे राहतील," एवढंच म्हणाली.

गोळ्यांनी आठवडाभर काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात तोंड कोरडं पडलं, आणि त्याने त्याबद्दल दोमितिलाशी भांडण केलं. तिने त्याला डॉक्टरशी भांडायला पाठवलं. डॉक्टरने आणखी चार आठवडे धीर धरायला सांगितलं आणि दर मंगळवारी बोलायला बोलावलं. हळूहळू अकराच्या आधी दहा वाजायला लागले. त्याने गोठ्यातला चिखल उपसला. पालोमोच्या अंगावर मांस दिसायला लागलं.

ऑगस्टमध्ये एकदा तो जोडी घेऊन कुंपणाशी उभा राहिला आणि दोमितिला आली नाही. खाली तिच्या धुराड्यातून चांगला जाड, पांढरा धूर निघत होता. दुसरा कोणी असता तर परत गेला असता. बाउदिलियो बैल झाडाला बांधून खाली उतरला आणि खिडकीतून आत पाहिलं.

ती पलंगाच्या कडेला बसली होती. एक बूट पायात, दुसरा हातात. हातातल्या बुटाकडे ती अशी बघत होती की जणू तो उचलायला आठ जोड्या बैल लागतील. किती वेळ गेला कोण जाणे, त्याचे स्वतःचे पाय गारठले. मग तिने मान खाली घातली, बूट चढवला, दोन्ही हातांनी गुडघे दाबून उठली आणि जाकीट घेतलं.

"काय बघताय?" दार उघडून ती म्हणाली. "आज उशीर झाला. चला, बैल दाखवा."

बाउदिलियो तिच्या मागून चढ चढत गेला. तो भर पावसातला जूनमधला तास त्याला आठवला. ही बाई सुकलेली होती म्हणून त्याच्या दारात उभी राहिली, असं त्याला इतके दिवस वाटत होतं. तिच्याही अंगात ओल होती, आणि रोज सकाळी हा बूट होता, आणि तरी ती रोज टेकडी चढून वर येत होती. त्याने आयुष्यात वादळं पाहिली होती, उलटलेल्या बोटी पाहिल्या होत्या, पण त्या पिवळ्या जाकिटाकडे बघताना त्याला जे वाटलं तसं कधी वाटलं नव्हतं. चर्चमध्ये शिरताना टोपी काढतात तशी त्याने नकळत टोपी काढली. तिने मागे वळून पाहिलं नाही हे बरं झालं, नाहीतर टोमणा ठरलेला होता.

जानेवारीच्या शेवटी घर ओढलं. खिडक्या-दारं काढली, घराखाली दोन लांब ओंडके सारले, दोर बांधले. आठ जोड्या, सगळ्यात पुढे लुसेरो आणि पालोमो, आणि त्यांच्या पुढे पायी चालत बाउदिलियो. सारं गाव ओरडत होतं, आणि त्या ओरडण्यात ते लाकडी घर, धुराड्यासकट, करकरत जागचं हललं. आत विसरलेली एक पातेली खणखणत होती. चढावर एकदा दोर तुटला तेव्हा सगळ्यांचा श्वास थांबला, पण घर थांबलं, मागे घसरलं नाही. दुपारपर्यंत ते बटाट्याच्या शेतात उभं होतं, चाळीस वर्षांची चौकोनी ओली खूण खाली सोडून.

मग भांडण लागलं. आमच्याकडे घराचं तोंड खाडीकडे असतं. दोमितिलाने सांगितलं, घर फिरवा, स्वयंपाकघराची खिडकी टेकडीकडे हवी.

"समुद्राकडे पाठ?" लोक म्हणाले. "अख्ख्या बेटावर असं घर नाही."

"मग एक होऊ दे," ती म्हणाली, आणि पाणी पाजायला नेलेल्या बैलांना परत जुंपायला लावलं.

लोक तिने घातलेल्या जेवणातल्या शिंपल्या-मांसावर तुटून पडले होते तेव्हा बाउदिलियो तिच्या स्वयंपाकघरात गेला. खिडकी नुकतीच परत बसवली होती. तिच्यातून समोर, कुंपणापलीकडे, त्याची स्वतःची खिडकी दिसत होती. टेबल, चूल, पलंगाचा पायाही.

"म्हणजे माझ्यावर पहारा ठेवायला एवढं घर ओढलंत, कोमाद्रे?"

"तुमच्यावर?" ती म्हणाली. काच पुसत होती, पुसतच राहिली. "तीस वर्षं रोसाल्बा रोज सकाळी खाली यायची. कधी यीस्ट, कधी सुई. घरात यीस्टचा डबा भरलेला असायचा तिच्या, माहितीये मला. ती गेल्यावर मला कोण बघणार होतं? माझा धूर अजूनही झकास निघतो, कोंपाद्रे. म्हणून विनवणी केली. तुमच्यासाठी पण केली, पण आधी माझ्यासाठी."

बाउदिलियोने फडकं घेतलं आणि काचेची दुसरी बाजू बाहेरून पुसली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला त्याने चूल पेटवली. अंथरूण मागे होतं आणि ते त्याला बोलावत होतं, खोटं कशाला सांगा. त्याने पडदा बाजूला केला. समोरच्या खिडकीत दोमितिला, चुलीजवळ ओढून घेतलेल्या पलंगावर बसली होती, एक बूट हातात. तिने मान वर केली, त्याला पाहिलं आणि तो बूट उचलून दाखवला. बाउदिलियोने आपला बूट उचलून दाखवला. मग दोघांनी, कुंपणाच्या दोन बाजूंना, खाली वाकून ते पायात घातले.