भिंतीतून येतं, पाण्यातून नाही

वलगावात आमच्या घरी नेट नव्हतं. होतं ते गल्लीपलीकडच्या चाचांच्या किराणा दुकानात. साबणाच्या खोक्यांशेजारी, वरच्या फळीवर त्यांचा राउटर लुकलुकत असे. मी अमरावतीला एसटीनं जाऊन नेटवर्किंगचा डिप्लोमा करते हे कळल्यावर त्यांनी स्वतःच पासवर्ड दिला. म्हणाले, "पढाई के वास्ते है बेटा, ले ले."

बाबा झेंडू लावायचे. संध्याकाळी फुलं निवडायला बसलो की वर्गात शिकलेलं मी त्यांना सांगत बसे. राउटर हवेत लहरी सोडतो, लॅपटॉप त्या पकडतो आणि आपलं म्हणणं तसंच परत पाठवतो. फोनवरच्या सिग्नलच्या कांड्या फक्त राउटरशी आपलं किती जमतंय ते सांगतात. राउटरच्या पुढे नेट आहे की नाही, याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. लहरींचा एक बँड लांब जातो पण सावकाश चालतो, दुसरा वेगवान, पण आडोसा आला की लगेच थकतो.

"वायर नाही, काई नाही, मंग घरात येते कुठून?" बाबा विचारत.

"भिंतीतूनही येते, बाबा."

त्यांना याचं भारी कौतुक. बाजारात फुलं विकतानाही लोकांना सांगायचे.

खरं म्हणजे आमच्या जाड भिंतीतून सिग्नल अर्धमेला होऊनच येई. नीट मिळे तो गल्लीकडच्या खिडकीपाशी. पुण्याच्या एका कंपनीनं व्हिडिओवर मुलाखत ठेवली, तेव्हा मी टेबल तिथेच लावलं आणि रोज तपासून पाहिलं. जागा नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या गटातली होती. ती मिळाली असती तर बाबांसोबत पहाटे फुलं तोडणं संपलं असतं, आणि मामांनी आणलेलं स्थळही आपोआप मागे पडलं असतं. दुसरं काहीच माझ्या हातात नव्हतं.

मुलाखतीच्या दुपारी मी वेणी घालून आले तर खिडकी झाकून उभा कूलर. मांडवाचं सामान भाड्यानं देणाऱ्या बिछायतवाल्याकडून आणलेला, लग्नात पाहुण्यांपुढे लावतात तो, टिनाचा, माझ्याएवढा उंच. बाबांनी तो पाण्यानं गळ्यापर्यंत भरला होता. तिन्ही बाजूंचं गवत ओलंचिंब. मे महिना, वरून टिनाचं छप्पर. पोरगी साहेबांपुढे घामेजून बसू नये, एवढंच त्यांच्या मनात. आमच्याकडे माणसाचा मान राखायचा म्हणजे त्याच्यापुढे कूलर ठेवायचा.

"बाबा, हा हटवा. नेट आडते."

"काहून? भिंतीतून येते म्हनत होती ना तू? मंग याच्यातून काहून नाही येत?"

टिन लहरी परतवतं आणि पाणी त्या पिऊन टाकतं, हे सांगायला वेळ नव्हता. भरलेला कूलर हलवायला चार माणसं लागली असती. लॅपटॉप वाजायला लागला होता.

पडद्यावर एक बाई आणि एक साहेब थांबत थांबत हलत होते. "अमरावती म्हणजे ते शेतकरी आत्महत्या करतात, तेच ना?" साहेबांनी विचारलं. हा एक प्रश्न मात्र अख्खा पोचला. पुढे बाईंनी वायरलेस सिग्नल कशानं कमी होतो ते विचारलं. अंतर, भिंत, धातू, पाणी, मी घडाघडा सांगत गेले. समोर दोघांचे चेहरे कधीच गोठलेले होते. मी किती वेळ गोठलेल्या माणसांना उत्तर देत होते, कोण जाणे.

संध्याकाळी बिछायतवाला कूलर घेऊन गेला आणि मेल येऊन पडला. 'आपल्याकडील कनेक्शन समाधानकारक नसल्याने आपला विचार करता येत नाही.' नेटवर्कच्या नोकरीला! मला अजून राग येतो. आत्महत्यांचं विचारायला कनेक्शन पुरलं. पुन्हा एक फोन करायला नाही.

बाबांना वाचून दाखवलं. त्यांचा चेहराच बदलला. "त्या चाच्याचं नेटच भंगार! आत्ताच विचारतो त्याले," म्हणत त्यांनी चपला घातल्या. फुकट नेट देणाऱ्या माणसाच्या दारात आता तमाशा होणार होता. मी वाट अडवली.

"चाचाचं नेट चांगलं होतं, बाबा. कूलर आडवा आला. पान्यातून नाही येत ते."

ते दारातच उभे राहिले. मग चपला काढून आत आले आणि उरलेली फुलं निवडायला बसले.

मला दोन वर्षांनी अकोल्याला नोकरी लागली, एसीत बसायची. मी खोली घेऊन तिकडेच राहू लागले. पहिल्या उन्हाळ्यात घरी जाऊन म्हटलं, "बाबा, तुमच्यासाठी एक कूलर आणते." ते ओला पंचा अंगावर घेऊन खाटेवर पडले होते.

"नको," ते म्हणाले. "तुह्या नेटले आडवा येईन."