झाकणाच्या आतली यादी

माझ्या थोरल्या बहिणीने कॉम्प्युटरसाठी आधी पुठ्ठ्याचे खोके केले. साबणाच्या पेटीचे पुठ्ठे कापून, चिकटपट्टी लावून. उंची बारा इंच, खोली चौदा, रुंदी साडेसहा. ते तिने स्वयंपाकघराच्या दारालगतच्या फडताळात ठेवले आणि आठ दिवस तिथेच राहू दिले. दार उघडताना ते आड येते का, जाता-येता भाऊजींचे कोपर त्याला लागते का, तिच्या सासूबाईंची काठी त्यावर आपटते का, हे ती पाहत होती. नवव्या दिवशी तिचा फोन आला. "बसतंय. कुणाची तक्रार नाही. आता कॉम्प्युटरला या मापात आणायचं."

ताईचे सगळे असेच असते. आधी माप, मग काम.

ती टंकलेखन करते. गावाकडून शहरात लग्न होऊन आली तेव्हा तिच्याजवळ दोन गोष्टी होत्या, टायपिंगच्या परीक्षेचे प्रमाणपत्र आणि ती परीक्षा ज्यांनी दिली ती बोटे. नवऱ्याच्या पगारात घर चालत असे, पण ओढाताण होई. तिने बाहेरच्या खोलीत खिडकीखाली टेबल मांडले. विद्यार्थ्यांचे प्रबंध, वकिलांचे मसुदे, निवृत्त शिक्षकांच्या आठवणी, असे काहीही ती टंकून देई. शुद्धलेखनाच्या चुका न सांगता सुधारी आणि वाक्यच चुकलेले असेल तर समासात पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढी. एका प्राध्यापकांनी त्या प्रश्नचिन्हांवर रागावून काम काढून घेतले होते. महिन्याभराने ते परत आले, तेव्हा ताईने त्यांना चहा दिला आणि काम घेतले. मागचा विषय काढला नाही.

माझे कॉलेजचे सगळे अर्ज तिनेच टंकले. नोकरीचा पहिला अर्जही. या गोष्टीचा उल्लेख तिने आजवर केलेला नाही, म्हणून मी करतो.

आता सासूबाई कायमच्या राहायला आल्या होत्या. त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीतच मावणार होता, म्हणजे टेबल हलणे आले, आणि टेबलाखालचे कॉम्प्युटरचे ते कपाटाएवढे कॅबिनेटही. मी म्हणालो, आता छोटे तयार कॉम्प्युटर मिळतात, एक घेऊन टाक. ती हसली. तिने या कामासाठी एका प्रबंधाचे पैसे बाजूला काढले होते, त्याहून एक पै जास्त नाही. "आतलं सगळं चांगलं आहे रे," ती म्हणाली. "माणसं तेवढीच आहेत, फक्त घर लहान बघायचं. आणि तू दिलेला आहे, असा कसा टाकू?"

तो कॉम्प्युटर मी दिलेला होता. चार वर्षांपूर्वी मी लॅपटॉप घेतला आणि जुना डेस्कटॉप तिला पोचवला. तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगे, हा माझ्या भावाने दिलेला. शेजारणीला, गॅसवाल्याला, प्रबंध घेऊन येणाऱ्या मुलींना. मी समोर असलो तरी सांगे, आणि मी खाली पाही. लोकांना तो माझा विनय वाटे.

तो विनय नव्हता. तिला देण्याच्या आदल्या दिवशी मी तो कॉम्प्युटर उघडला होता. आत रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, चार पट्ट्या होत्या, त्यांतल्या दोन काढल्या. कॉम्प्युटर जिच्यावरून झटकन सुरू होतो ती वेगवान एसएसडी डिस्कही काढली आणि जुन्या, घरघरणाऱ्या हार्ड डिस्कवर सगळे पुन्हा भरले. माझ्या नव्या लॅपटॉपला यातले काहीही लागणार नव्हते. लागेल कधीतरी, एवढाच विचार होता. नाही, आणखीही एक होता. तोही लिहिला पाहिजे. तिला काय, टाइपच तर करायचंय, असे मी मनात म्हणालो होतो. त्या तीन वस्तू एका लिफाफ्यात घालून मी ड्रॉवरमध्ये ठेवल्या, आणि चार वर्षांत तो लिफाफा एकदाही उघडला नाही.

ताईच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानदाराला सगळे मास्तर म्हणतात, कारण तो पूर्वी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवत असे. क्लास बंद पडला, मास्तर हे नाव राहिले. त्याने एक वापरलेले छोटे कॅबिनेट ताईच्या मापाचे शोधून ठेवले होते. रविवारी सकाळी आम्ही दोघे जुने धूड घेऊन गेलो. काउंटरपाशी एक बाई प्रिंटर घेऊन उभ्या होत्या आणि एक गृहस्थ कीबोर्डची चौकशी करत होते.

मास्तरने बाजूचे झाकण काढले, ते ताईच्या हाती दिले आणि आतला एकेक भाग काढून वर्तमानपत्रावर मांडू लागला. मदरबोर्ड नव्या घरात बसणार होता. वीज पुरवणारा डबाही बसणार होता. प्रोसेसरवरचा पंखा मात्र अर्ध्या इंचाने उंच निघाला. ताईने तो टेपने आधीच मापला होता आणि मास्तरने बुटका पंखा तयार ठेवला होता. वायरी जास्त झाल्या, तर ताई म्हणाली, ट्रंकेत कपडे भरतात तशा कडेकडेने भरा, मध्ये वारा खेळू द्या. मास्तर म्हणाला, ताई, तुम्हीच दुकानात बसा, मी टायपिंग करतो. ती हसली. मीही हसलो. तोवर सगळे ठीक चालले होते.

जुने झाकण भंगारात द्यायचे होते, पण घाण वस्तू कुणाला देणे ताईला जमत नाही. तिने ओले फडके घेऊन आतली धूळ पुसली. धुळीखाली एक कागद चिकटवलेला होता.

तो मी चिकटवला होता. कॉम्प्युटर नवा जोडला तेव्हाच्या उत्साहात, कोणत्या वस्तू आत आहेत त्याची यादी, तारखेसह, माझ्या सुवाच्य अक्षरात. चोराने स्वतःच पावती लिहून ठेवावी आणि विसरून जावे, तसे झाले.

ताईने यादी वाचली. एकदा, मग वर्तमानपत्रावरच्या वस्तूंवर बोट फिरवत पुन्हा. "मास्तर, इथं रॅमच्या चार पट्ट्या लिहिल्यात."

"दोनच आहेत."

"आणि ही एसएसडी?"

मास्तरने मदरबोर्ड उजेडात धरला. दोन खाचांच्या खिट्ट्या उघड्या होत्या. "होत्या इथं," तो सरळपणे म्हणाला. "कुणीतरी काढल्यात." हे वाक्य आपल्याच अंगावर येणार आहे हे त्याच्या ध्यानात आले नाही. ज्याच्या मनात काही नसते त्याच्या ते ध्यानात येत नाही.

ताईने आवाज चढवला नाही. दोन वर्षांपूर्वी वीज पुरवणाऱ्या डब्याचा पंखा बदलायला कॉम्प्युटर त्याच्याकडे दोन दिवस होता, एवढेच तिने म्हटले. मास्तर म्हणाला, होता, पण फक्त पंखा बदलला. हे झाकण तेव्हा भिंतीला टेकवून ठेवले होते, ही यादी आपण आज पाहतोय. ताई म्हणाली, "हे माझ्या भावाचं अक्षर आहे. त्यानं लिहिलं म्हणजे तसंच असणार." आणि ती माझ्याकडे वळली. "तू दिलास तेव्हा सगळं होतं ना रे?"

मला खोटे बोलायचे नव्हते. खरे बोलण्याची छाती नव्हती. शिकलेल्या माणसाला या दोहोंच्या मध्ये उभे राहायला जागा सापडते, ती मला सापडली. मी म्हणालो, "आता इतक्या वर्षांनी नीट आठवत नाही."

ताईने मान हलवली आणि मास्तरला सांगितले, "तो कुणाला तोंडावर बोलायचा नाही. लहानपणापासून तसाच आहे."

प्रिंटरवाल्या बाईंनी आपला प्रिंटर हळूच काउंटरवरून उचलला. नंतर आणते म्हणाल्या. गृहस्थ केव्हा गेले ते मी पाहिले नाही. मी मिठाची गुळणी धरून उभा होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण मी शाळेत पाच गुणांसाठी स्पष्ट केली होती. तो सुळी जाणारा संन्यासी असा चार फुटांवर स्क्रू मोजत बसलेला पाहिला नव्हता.

मास्तरने हातातले स्क्रू वाटीत टाकले. मग तो उठला, दुकानाचा स्वतःचा कॉम्प्युटर त्याने बंद केला, उघडला, आणि त्यातून रॅमच्या दोन पट्ट्या व एक एसएसडी काढली. "माझ्या दुकानातून गेलं म्हणता, तर माझ्या दुकानातूनच भरून देतो," तो म्हणाला. "नाव तेवढं राहू दे." ताईने नको म्हटले. त्याने ऐकले नाही. जुन्या डिस्कवरचे सगळे नव्या डिस्कवर जायला दुपार झाली. तेवढा वेळ आम्ही तिथे बसलो आणि कुणी थट्टा केली नाही. शेवटी छोटे कॅबिनेट त्याने ताईच्या हातात दिले, आणि मजुरी घेतली नाही.

संध्याकाळी ताईचा फोन आला. कॅबिनेट फडताळात पुठ्ठ्याच्या खोक्यासारखेच बसले होते. पूर्वी बटण दाबून ती चहाचे आधण ठेवायला जाई आणि चहा घेऊन परत येई, तेव्हा कुठे पडदा उजळे. आज स्वयंपाकघराकडे वळायच्या आतच सुरू झाला. आणि बोट उचलायच्या आत अक्षर उमटते, ती म्हणाली. पूर्वी ती ओळ टंकून थांबे, आणि अक्षरे मागून वऱ्हाड आल्यासारखी येत.

मग ती म्हणाली, "मला वाटायचं माझेच हात मंद झालेत. वय झालं. म्हणून तर मी ते छापखान्याचं काम घेतलं नाही." छापखान्याच्या कायमच्या कामाविषयी मला ठाऊक नव्हते. वेग झेपणार नाही म्हणून तिने ते नाकारले होते. त्यानंतर रोज सकाळी अर्धा तास ती टायपिंगचे जुने पुस्तक काढून सराव करत असे. पहिल्या धड्यापासून.

ताई मापाची माणूस आहे. तिने मनातल्या मनात टेप धरला असणार.

"पण अरे," ती म्हणाली, "हा तर पहिल्या दिवसापासूनच असा होता. मास्तरकडे तर दोन वर्षांनी गेला."

मी म्हणालो, "मी सकाळी येतो."

ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"मध्ये तिला सगळे कळले होते, आणि सकाळपर्यंतचा वेळ तिने मला दिला होता.

सकाळी मी लिफाफा घेऊन गेलो. भाऊजी कामावर गेले होते, सासूबाई पलंगावर पडून होत्या. ताई फडताळासमोर स्टुलावर बसली होती. मी लिफाफा तिच्यापुढे ठेवला आणि सगळे सांगितले, टाइपच तर करायचंय हे वाक्यसुद्धा. ते गाळावे असे तिच्या दारापर्यंत वाटत होते. गाळले नाही.

तिने पट्ट्या काढून पाहिल्या. "वापरल्यास?"

"नाही."

"मग?"

"ड्रॉवरमध्ये होत्या."

तिने आपले दोन्ही हात समोर धरले, पालथे, मग उताणे. "म्हणजे माझे हात मंद नव्हते," ती म्हणाली. हे ती मला सांगत नव्हती. मी तिथे नसतो तरी चालले असते. ती रागावली असती, तर मला कुठेतरी बसता आले असते. मी उभाच राहिलो.

सासूबाईंनी पलंगावरून विचारले, कोण आलंय? ताई म्हणाली, "भाऊ आलाय. जातोय आम्ही बाहेर."

दुकानात ती पुढे आणि मी मागे. गिऱ्हाईक म्हणून तिघे-चौघे आलेले होते. ते जाईपर्यंत थांबावे असे मला वाटत होते. तिने थांबू दिले नाही. बोलले लोकांसमोर होते, तेव्हा परतही लोकांसमोरच घ्यायचे, असा तिचा हिशेब. "मास्तर, काल मी तुम्हाला बोलले ते चुकीचं होतं," ती म्हणाली. "काढणारा घरातलाच होता." तिने माझ्याकडे बोट केले नाही. मीच पुढे झालो आणि म्हणालो, मी काढल्या होत्या, आणि काल मला नीट आठवत होते.

मास्तरने लिफाफा घेतला. ताईने सांगितले, तिच्या कॉम्प्युटरमध्ये त्याच्या वस्तू बसल्यात त्या तिथेच राहतील, या त्याने स्वतःला घ्याव्यात. तो म्हणाला, चालेल. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तपासून घेतो. राग मानू नका." तपासायला पाऊण तास लागला. ताईला काम होते, ती निघून गेली. मी काउंटरपाशी उभा राहिलो. नवे येणारे लोक मला गिऱ्हाईक समजून बाजूला व्हा म्हणत होते आणि मी होत होतो. वस्तू चांगल्या निघाल्या. "चार वर्षं पडून होत्या म्हणता," मास्तर म्हणाला, "नव्यासारख्या आहेत." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

आता मास्तर कुठलाही कॉम्प्युटर उघडला की आधी गिऱ्हाइकाला जवळ बोलावतो, आतल्या वस्तू एकेक मोठ्याने मोजतो आणि कागदावर सही घेतो. पूर्वी घेत नसे. त्या प्रिंटरवाल्या बाई पुन्हा आल्या की नाही, हे मी त्याला विचारलेले नाही. छापखान्यातल्या जागी तेव्हाच दुसरी बाई लागली. ताईने माझी ती यादी झाकणावरून सोलून काढली नाही. झाकण पुसून तसेच भंगारवाल्याला दिले. छोट्या कॅबिनेटच्या आत आता तिच्या हातची यादी आहे, खाली मास्तरची सही.

मी तिच्याकडे पूर्वीसारखाच जातो. ती चहा देते, मागचा विषय काढत नाही. परवा एक मुलगी प्रबंध घेऊन आली. फडताळातल्या त्या लहानशा डब्याकडे पाहून म्हणाली, किती छान आहे, कुठून घेतलात? मी सवयीने खाली पाहिले.

"मास्तरांनी बसवून दिलाय," ताई म्हणाली, आणि तिच्या हातातली पाने घेऊन मोजू लागली.