पुढची सीट

माझ्या पहिल्या मोटारीच्या पुढच्या डाव्या सीटवर वर्षभर कोणी बसलं नाही. गाडी घेतली त्याच दिवशी मी तिथं नवा कोरा टॉवेल अंथरला, त्याचे कोपरे दाभणाने टाचून टाकले आणि सगळ्यांना बजावलं की इथं माझ्या थोरल्या भावाखेरीज कोणी टेकायचं नाही. आमच्याकडे नवं वाहन दारात आलं, मग ती बैलगाडी का असेना, की घरातला थोरला त्यात आधी बसतो. चाकाखाली लिंबू, पुढं नारळ, आणि थोरल्याला बसवून बाजारातून एक फेरी. वडील गेलेले होते. थोरला म्हणजे अण्णा. आणि अण्णाला माझ्या गाडीत बसायचं नव्हतं.

लातूरच्या गंजात, धान्याच्या बाजारपेठेत, आमचं आडत दुकान होतं. आमचं म्हणजे आता अण्णाचं. एका खरेदीदाराने तुरीच्या ढिगात हात घालून नाक मुरडलं, तेव्हा मी त्याची गचांडी धरली. माल चांगला होता, मी आजही तेच म्हणेन. अण्णाने हमालांच्या देखत माझ्या थोबाडीत मारली आणि म्हणाला, "उद्यापासून दुकानाची पायरी चढायची न्हाई." मी चढलो नाही. नांदेडला गेलो, कडब्याच्या धंद्यात शिरलो, आणि त्या दिवसापासून आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

दुष्काळाने मला वर काढलं. ऐकायला बरं वाटत नाही, पण तसं झालं. वैरणीला सोन्याचा भाव आला. बिलोलीकडं कोणाच्या खळ्यावर कडबा उरलाय असं सकाळी कळलं तर दुपारपर्यंत तिथं दलालांची रांग लागायची. अर्धापूरच्या केळीच्या बागा वाळू लागल्या तेव्हा मी उभे खुंट जनावरांसाठी विकत घेतले. लोक हसले, मग तेही घेऊ लागले. या धंद्यात जो आधी पोचेल त्याचा माल. म्हणून मोटार. एका कंत्राटदाराची काळी, जुनी, गोल नाकाची मोटार होती. तीन वेळा उठून गेलो, चौथ्यांदा त्यानेच हाक मारली, तेव्हा सौदा झाला.

ती गाडी मी कशी चालवली हे आता सांगितलं तर मुलं विश्वास ठेवत नाहीत. रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना फुफाटा. समोरून ट्रक आला की खाली कोण उतरतो यावर सगळं. मी उतरत नसे. काटा ऐंशीला टेकला की स्टिअरिंग हातात थरथरायचं, दारं वाजायची, आणि मला बरं वाटायचं. तेवढा वेळच बरं वाटायचं. थांबलो की पुन्हा ती थोबाडीत आठवायची. ड्रायव्हर ठेवायचं कोणी सुचवलं तर मी चिडायचो.

गाडीला एक खोड होती. पळवली की उकळायची. बॉनेटमधून वाफ निघायची, आणि मग त्या दुष्काळात मी डबा घेऊन पाण्यासाठी दारोदार. हॉटेलात चहा मिळायचा, पाणी मागितलं की मालक दुसरीकडं बघायचा. चाकूरजवळ एका हापशावर रांगेतली बाई मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "मानसाला वाटीभर न्हाई आन् ह्याच्या काळ्या म्हशीला घमेलं पायजे." मी तिच्याशीही भांडलो. पाणी मिळालं नाही. तेव्हापासून मी डिकीत एक भरलेला डबा ठेवू लागलो.

गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ती लातूरला नेली आणि भर बाजाराच्या वेळी अण्णाच्या दुकानापुढं उभी केली. डावीकडचं दार उघडून धरलं. बोललो नाही, कारण आमचं बोलणं बंद होतं. नुसता उभा राहिलो. अण्णा गादीवर बसला होता, कपाळावर ताजी विभूती. त्याने गाडीकडं पाहिलं आणि शेजारच्या आडत्याला मोठ्याने सांगितलं, "नांदेडच्या रस्त्यावरली मानसं आदी बाजूला व्हायची, आता ह्याला बघून झाडंबी बाजूला व्हायलीत म्हणं. बसायला मी काय जिवाला वैतागलोय का?" सगळा गंज हसला. हमाल हसले, तेच हमाल. मी दार लावलं आणि निघालो. जाताना ऐंशीच्या वर गेलो, कितीच्या ते काट्याला कळलं नाही.

मला पैसा मिळत होता. लोक मला शेठ म्हणू लागले होते. पण हवं होतं एवढंच, की त्या सीटवर तो बसावा आणि गाडी गंजातून फिरावी. लोकांनी बघावं. त्यापुढं मला काही नको होतं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कालपर्यंत उस्मानाबादचे हेलपाटे घालणारे आता 'आपला जिल्हा' म्हणून छाती काढत होते. नव्या कचेऱ्यांना खुर्च्या अपुऱ्या, गाड्या तर त्याहून. भाड्याची दिसेल ती जीप टँकरच्या पाहणीला धरून नेत. त्यात एका सकाळी अण्णाची ठरवलेली जीप गेली.

त्या दिवशी अण्णाच्या मुलीची बोलणी होती, मुदखेडला मुलाच्या घरी. मुलगी पसंत होती, फक्त बसून नारळ द्यायचे होते. दुपारी अमावास्या लागत होती. मुलाचे आजोबा फार सोवळ्यातले. अमावास्या लागली की बोलणी नाही, आणि त्या घराला दुसरीकडूनही सांगून आलेलं होतं. मी लातूरच्या जनावरांच्या छावणीत कडबा उतरवत होतो. वहिनींचा निरोप घेऊन मुनीम धावत आला: गाडी घेऊन या. पण दुकानापुढं नको, अहमदपूरच्या रस्त्याला, जकात नाक्याच्या पलीकडं.

नाक्याच्या पलीकडं का, ते मला लगेच कळलं. तिथं गंजातलं कोणी बघत नाही.

तरी गेलो. नाक्यापुढच्या लिंबाखाली दोघं उभी होती. वहिनींजवळ नारळांची टोपली, अण्णाच्या खांद्यावर जरीकाठी उपरणं. मी पुढचं डावं दार उघडलं. अण्णा मागचं उघडून आत बसला.

"आवो, पुढं बसा की," वहिनी म्हणाल्या. "टावेल हाय बघा तुमच्यासाटी."

"हितं बरंय," अण्णा बाहेर बघत म्हणाला. "आन् त्याला इचार, कितीनं चालवणार."

"भावजी, तुमचे अण्णा इचारायलेत, कितीनं चालवणार?"

"वहिनी, त्यांना सांगा, वेळेवर पोचायचं तर ऐंशीनं."

"मग उतरतो म्हणावं मी."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "तुमी दोघं आडतीतली मानसं ना? मग करा की सौदा. मला कशाला मदी घेता?"

आमच्या गंजात पूर्वी धान्याचा भाव बोलून ठरत नसे. आडत्या आणि खरेदीदार हातात हात घ्यायचे, वरून उपरणं टाकायचे आणि आत बोटं दाबून भाव सांगायचे. हत्ता म्हणायचे त्याला. शेजारी उभ्या माणसाला काही कळायचं नाही. वडिलांनी आम्हाला दोघांना तो एकाच दुपारी शिकवला होता, माझी बोटं तेव्हा अण्णाच्या मुठीत मावायची. एकदा बोट दाबलं की शब्द गेला. तो कोणी मोडत नसे.

अण्णाने उपरणं खांद्यावरून काढलं. मी डावा हात सीटच्या पाठीवरून मागं दिला. त्याने वर उपरणं टाकलं आणि माझी चार बोटं धरली. चाळीस. मी त्याची पाच धरून वर दोन दाबली. सत्तर. त्याने हात झटकला, मग पुन्हा चार. मी सहा. बराच वेळ चाललं. त्याचा तळवा कोरडा आणि खरखरीत होता. इतक्या वर्षांत मी तो विसरलो होतो. शेवटी त्याने पाच बोटं धरली आणि सोडलीच नाहीत. पन्नास. ठरलं.

मी पन्नासने निघालो.

पन्नासने गाडी चालवणं म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं. चाकूर आलं, गेलं. बैलगाडीवाले आमच्याकडं निवांत बघायचे. रस्त्याच्या कडेची खंगलेली जनावरं, कोरडे नाले, रिकाम्या घागरी घेऊन टँकरची वाट बघणाऱ्या बाया, हे सगळं मी इतके दिवस नुसतं मागं टाकत आलो होतो. पाय सारखा दाबायला बघत होता. अहमदपूर गेलं तरी गाडी उकळली नाही.

"आज पानी लागलं न्हाई गाडीला," अण्णा मागून वहिनींना म्हणाला.

मी ऐकलं. पण दात आवळले.

अहमदपूरच्या पुढं त्याने घड्याळ बघायला सुरुवात केली. मग खिडकीतून सूर्य बघू लागला. मग माझ्या खांद्यावर उपरणं पडलं, त्याने माझा हात ओढून घेतला आणि सहाचा भाव दाबला. मी हात काढून घेतला. थोड्या वेळाने पुन्हा. सात.

"वहिनी," मी म्हणालो, "त्यांना सांगा, सौदा एकदा ठरला की ठरला. गंजात असंच असतं."

"भावजी, पोरीचा जलम हाय तो," वहिनींचा आवाज बदलला. "तुमच्या भांडणाची ही जागा न्हाई."

मला कळत होतं. पण काटा मी पन्नासवरच ठेवला. आरशात अण्णा दिसत होता. विभूतीवरून घाम उतरत होता. लोहा दिसू लागलं तेव्हा तो पुढं वाकला आणि थेट माझ्या कानाशी म्हणाला, "तम्मा, वाढव जरा."

धाकट्याला आमच्या घरी तम्मा म्हणतात. थोबाडीत मारली त्या दिवसापासून तो शब्द मी ऐकला नव्हता. दुसरा कोणी असता तर पाघळला असता. मी धंदेवाला. म्हणालो, "वाढवतो. पण येताना पुढं बसायचं. गंजापर्यंत. दिवसाउजेडी, दुकानापुढं उतरायचं."

त्याने एकदा घड्याळ पाहिलं. मग त्याने उपरण्याखाली माझा सगळा पंजा धरून दाबला. म्हणजे हो.

मग मी गाडी सोडली. वहिनी मागं शिवा शिवा करू लागल्या. काटा ऐंशी ओलांडून गेला आणि लोह्यापुढं थोड्या अंतरावर बॉनेटमधून पांढरी वाफ निघाली. थांबलो. वाफ जाऊ दिली, डब्यातलं सगळं पाणी ओतलं. पुरलं नाही. चहूकडं उघडं रान. एक विहीर होती, तिच्या तळाशी दगड.

अण्णाने उन्हाकडं पाहिलं, मग टोपलीकडं.

"आवो, ते नवरदेवाच्या घरचे," वहिनी म्हणाल्या.

"नवरदेवाच्या घरी पोचलं पायजे ना आदी."

मंगल कामाच्या नारळाला शेंडीकडून बोट लागलं तरी ओरडणारा माझा भाऊ रस्त्याच्या दगडावर नारळ फोडत बसला. मी पाणी वहिनींच्या तांब्यात धरायचो आणि रेडिएटरमध्ये ओतायचो. तिघांचे हात चिकट. वहिनींना मधेच हसू फुटलं, मग अण्णालाही. मी त्याला हसताना पाहिलं, हे लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहायचंय. गाडी खोबरं भाजल्यासारखा वास सोडत नांदेडला पोचली. तिथं पाणी भरलं, कोपऱ्यावरून दुसरे नारळ घेतले आणि मुदखेड गाठलं. अमावास्या लागायच्या आत बोलणी झाली. मुलाचे आजोबा गाडीपाशी येऊन दोनदा नाक ओढून गेले.

ठरल्याप्रमाणे मी पुढचं दार उघडून उभा राहिलो.

अण्णा पाव्हण्यांना नमस्कार करून बाहेर आला आणि वहिनींना म्हणाला, "टेशन जवळ हाय. रेल्वेनं जाऊ."

मुदखेडहून लातूरला रेल्वेने जायचं म्हणजे गाड्या बदलत दुसऱ्या दिवशी पोचायचं. मी म्हणालो, "अण्णा, हात दिलाय तुम्ही."

त्याने उपरणं खांद्यावर नीट केलं. "रस्त्यात धरलेला हात हाय तो. गंजातला न्हाई." आणि चालू लागला.

ज्याने आयुष्यात दाबलेलं बोट कधी मोडलं नाही, त्याने माझ्याशी केलेला तेवढा एक सौदा मोडला. बाकीचं सगळं मी कधीच सोडून दिलं. हे सोडलेलं नाही.

वहिनी त्याच्या पाठीकडं बघत उभ्या होत्या. मग गाडीपाशी आल्या, टॉवेलवर हात फिरवून धूळ झाडली आणि पुढच्या सीटवर बसल्या. "घरची थोरली मीबी हाय," म्हणाल्या. "चला. आन् बघू तरी किती पळती."

मी पळवली नाही. का ते सांगता येणार नाही. पन्नासवर काटा ठेवून उन्हं उतरायच्या आत लातूर गाठलं, गंजातून पूर्ण फेरी मारली आणि दुकानापुढं थांबलो. वहिनी पदर सावरून, घाई न करता उतरल्या. मुनीम उठून उभा राहिला, हमाल उभे राहिले. हसलं कोणी नाही. मला वाटलं होतं तसं मात्र वाटलं नाही.

रात्र मी छावणीवर काढली आणि सकाळी गाडी मुद्दाम पुन्हा दुकानापुढं आणून लावली. दुपारी अण्णा आला, रेल्वेच्या धुराने काळवंडलेला. त्याने काचेतून पुढच्या सीटवरचा चुरगळलेला टॉवेल पाहिला. बराच वेळ पाहिला. मग आत जाऊन गादीवर बसला आणि जेवण घेऊन आलेल्या वहिनींकडं बघून म्हणाला, "त्याला म्हणावं, गाडी काढ दारातून. मालाच्या गाड्या लागायच्यात."

मी काढली. गंजातून बाहेर पडेपर्यंत दम धरला, मग पाय ठेवून दिला. कुठल्या गावाला कोण बाजूला झालं, मला आठवत नाही. लोह्याच्या पुढं, जवळपास त्याच जागी, गाडी उकळली. डबा रिकामा होता, भरून घ्यायचं विसरलो होतो. रस्त्यावर नारळाच्या करवंट्या अजून पडलेल्या होत्या, त्यांना मुंग्या लागल्या होत्या. गाडी थंड होईपर्यंत करण्यासारखं काहीच नव्हतं. मी डाव्या बाजूने फिरून आलो, दार उघडलं आणि अण्णाच्या सीटवर बसून राहिलो.